गेम अडखळतो, म्हणून कर्ज?

मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराविषयी बोललो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताईला झालंय तरी काय! संगणकावरचा गेम अडखळायला लागला तर काय करायचं, हा आजचा विषय. पण लगेच रेडिओ बंद करू नका. हा विषय आमच्याकडे मुलांच्या हट्टातून नाही, गटाच्या बैठकीतून आला, कर्जाच्या अर्जातून.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. त्यांनी गटाच्या कर्जातून घरघंटी घेतली आणि एकही हप्ता न चुकवता ते कर्ज फेडलं. त्याच कमाईतून मुलाला जुना, वापरलेला संगणक घेऊन दिला. मुलगा अकरावीला. त्यावर अभ्यास करतो आणि संध्याकाळी तासभर माइनक्राफ्ट खेळतो. चौकोनी ठोकळे रचून घरं, शेतं, विहिरी बांधायच्या, असा तो खेळ.

मे महिन्याच्या बैठकीत वहिनींनी १७ हजारांचा अर्ज ठेवला. गेम सारखा अडकतो, म्हणून दुकानदाराने नवीन ग्राफिक्स कार्ड आणि त्यासाठी नवा पॉवर सप्लाय घालायला सांगितला होता. त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंचा बियाणं-खतासाठी १२ हजारांचा अर्ज होता. गटाकडे शिल्लक २१ हजार. कुणीतरी म्हणालं, "खेळायला कुठं कर्ज देतात का?" वहिनी गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुकानदार म्हणतो कार्ड घाला, पोरगं म्हणतं घाला. मला त्यातलं काय कळतंय?"

हे वाक्य मला लागलं. दुधाची फॅट आपण बघून घेतो, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचतो. मग मशीनच्या बाबतीतच 'मला काय कळतंय' का? आम्ही ठराव केला: आठ दिवस थांबायचं, आधी बिघाड शोधायचा.

तालुक्याला माझा धाकटा भाऊ संगणक दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आधी हा खेळ पडद्यावर दिसतो कसा ते समजून घे." मला समजलं ते तुम्हाला सांगते.

पडद्यावर खरं तर काहीच हलत नसतं. एकामागून एक चित्रं भराभर येतात, म्हणून आपल्याला हालचाल दिसते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, पण ती आधीच काढून ठेवलेली. गेममध्ये तसं नसतं. मुलगा ज्या बाजूला वळेल, तिथलं चित्र संगणकाला त्याच क्षणी काढावं लागतं. सेकंदाला अशी किती चित्रं निघतात, त्याला फ्रेम रेट किंवा एफपीएस म्हणतात. साधारण पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात, म्हणून ६० मिळाले की खेळ सुरळीत वाटतो. ३० वर चालून जातं. २० च्या आसपास आलं की खेळ अडखळतो.

आता लग्नघरातल्या भाकरी आठवा. एक जण थापते, दुसरी भाजते. ताटात भाकरी किती वेगाने पडणार? दोघींमध्ये जी मागे पडेल, तिच्या वेगाने. संगणकात प्रोसेसर म्हणजे थापणारी, ग्राफिक्स म्हणजे भाजणारी. नवीन ग्राफिक्स कार्ड म्हणजे आणखी एक चूल आणि भाजणारी. पण थापणारीच दमली असेल, तर दुसरी चूल पेटवून काय उपयोग?

भावाचा पहिला प्रश्न होता, "गेम सुरुवातीपासून अडकतो, की थोड्या वेळाने?" वहिनींच्या मुलाला हे कुणी विचारलंच नव्हतं. सुरुवातीपासूनच अडकत असेल, तर सेटिंग जास्त असतील, मागे दुसरे प्रोग्राम चालू असतील किंवा मशीनची ताकदच कमी असेल. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर असला तरी वेग कमी होतो. मधूनच एकदम झटका बसत असेल, तर मेमरी अपुरी पडते का ते बघायचं. आणि सुरुवातीला चांगला चालून नंतर मंदावत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यायचा.

मी वही घेऊन वहिनींच्या घरी गेले. माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ३ बटण दाबलं की कोपऱ्यात एफपीएसचा आकडा दिसतो. सुरुवातीला ५८ होता. पंधरा मिनिटांनी २१. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात प्रोसेसरचा वेग दिसतो. तोही निम्म्यावर आला होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. भर उन्हात आपण कामाचा हात सावकाश चालवतो, तसंच ते.

मी संगणकाकडे नीट पाहिलं. खोक्यावर छान कापडी कव्हर, कडेला रंगीत पट्टी. वहिनींनी स्वतः शिवलेलं, धूळ बसू नये म्हणून. मुलगा ते पुढून थोडं वर करायचा आणि तसंच मशीन चालू करायचा. मागची गरम हवा आतच कोंडायची. आणि त्याच खोलीत, चार हातांवर, घरघंटी.

संगणक बंद केला, वायर काढली, थोडा वेळ थांबलो. बाजूचा पत्रा उघडला, तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धातूच्या पात्यांमध्ये पीठ! हवेतला ओलावा धरून ते घट्ट बसलेलं. हवा जायला जागाच नव्हती. वहिनींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच पिठानं?" मी म्हटलं, "वहिनी, हे पीठ नसतं तर संगणक तरी कुठून आला असता?"

मऊ, कोरड्या ब्रशने अंगणात सगळं झाडून काढलं. झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, ते गरगर फिरू द्यायचं नाही. ओला कपडा लावायचा नाही, तोंडाने फुंकरही मारायची नाही, थुंकी उडते. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीच उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात विजेचा धोका राहतो. प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या मधली पेस्ट वाळली होती. ती भावाने येऊन बदलली. पेस्टला १५० रुपये लागले.

मग कव्हर काढून पुन्हा गेम लावला. पंधरा मिनिटांनी ५६, तासाभराने ५५. नंतर व्हिडिओ सेटिंगमध्ये रेंडर डिस्टन्स १६ वरून ८ केला. म्हणजे खेळात किती लांबपर्यंतचं जग काढायचं, ते अंतर निम्मं केलं. अंतर निम्मं झालं की क्षेत्र जवळपास पाव होतं. शेताच्या मोजणीतला हिशोब इथेही लागू पडतो. आकडा ६० वर जाऊन थांबला.

हे दोन बदल आम्ही मुद्दाम वेगवेगळे केले, आणि प्रत्येक बदलानंतर आकडा वहीत लिहिला. सगळं एकदम बदललं असतं, तर गुण कशाचा आला ते कधी कळलं नसतं.

तुमच्या घरी असं झालं तर क्रम लक्षात ठेवा. केव्हा अडकतं ते लिहून काढा. मागे चालू असलेले प्रोग्राम बंद करा. खेळाची सेटिंग कमी करून बघा. हवेची वाट मोकळी आहे का ते पाहा. लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर खालची जाळी झाकली जाते. मग धूळ काढा. वेगळं ग्राफिक्स कार्ड आधीपासून असेल, तर पडद्याची वायर त्याच कार्डाला लावलेली आहे का, तेही पाहा. हे सगळं करूनही आकडा वाढला नाही, तर खर्चाचं बोला. आणि दुकानदाराला विचारा, "कमी कोण पडतंय, प्रोसेसर, ग्राफिक्स की मेमरी? मला दाखवा."

खरं ते सांगते, सगळेच गेम आता त्या संगणकावर चालतात असं नाही. जड गेमना ती ताकद पुरत नाही, आणि मुलाला कार्ड अजूनही हवंच आहे. तो म्हणतो, स्वतः साठवून घेईन. घेऊ दे.

जूनच्या बैठकीत वहिनींनी अर्ज मागे घेतला आणि दुसऱ्या ताईंना पेरणीआधी १२ हजार मिळाले. घरघंटी आता पडवीत आहे. कव्हरही आहे, पण वहिनींनी पोराला बजावलंय: मशीन चालू, तर कव्हर खुंटीला.

आमच्या गटाने मात्र एक नियम इतिवृत्तात लिहिला. यंत्रासाठी कर्ज मागायचं असेल, मग ते मोटार असो, शिलाई मशीन असो की संगणक, अर्जासोबत बिघाडाची नोंद द्यायची. तुमच्या गटातही हे बोलून बघा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.