कॅज्युअल्टीच्या दारात आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मंडळाने मला विषय दिला 'आरोग्य आणि समाज'. विषय मोठा आहे. त्यात पाणी आलं, गटार आलं, क्षयरोग आला, दारू आली. एवढं सगळं बोलायला रात्र पुरायची नाही आणि खीर थंड होईल. म्हणून मी एकच जागा धरतो. ती म्हणजे सरकारी किंवा महापालिकेच्या इस्पितळाचा अपघात विभाग, आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो ती. आपल्यापैकी एकही घर असं नसेल की ज्यातला माणूस कधी रात्री-अपरात्री त्या दारात उभा राहिला नाही.

कोणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? त्याला उत्तर विनयपिटकातल्या महावग्गात आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता. स्वतःच्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. का, तर तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता! भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग सगळ्या संघाला बोलावून सांगितलं की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. हे आपल्याला ठाऊक असतं, भाषणात आपण सांगतोही. पण त्याच ठिकाणी पुढे एक गोष्ट आहे ती कोणी फारशी सांगत नाही. रुग्णाची शुश्रूषा करणारा कसा असावा हे तिथे सांगितलं आहे आणि त्याचबरोबर रुग्णाने कसं वागावं हेही सांगितलं आहे. कोणता रुग्ण सांभाळायला कठीण? जो औषध घेत नाही, जो पथ्य पाळत नाही, जो आपला आजार जसा आहे तसा सांगत नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंचा विचार झाला होता. आज आपण एकाच बाजूचा करतो, म्हणून मला बोलावं लागतंय.

आता कॅज्युअल्टीत काय चालतं ते बघा. साकीनाक्याहून माणूस निघाला की घाटकोपरच्या राजावाडीला जातो, नाहीतर कुर्ल्याच्या भाभाला. तिकडे झालं नाही तर शीव. पश्चिमेला गेला तर कूपर. खैरानी रोडवरचा कारखान्यातला भाजलेला कामगार, जरीमरीचा तापाने फणफणलेला पोर, असल्फ्याच्या डोंगरावरून पाय घसरून पडलेली बाई, सगळे एकाच दारात. त्यात कधी कधी अख्खं गावच लोटतं. १८ डिसेंबर २०१७ ला पहाटे इथेच खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. १३ मे २०२४ ला वादळात घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली, सत्तरच्या वर जखमी झाली. बहुतेकांना राजावाडीलाच नेलं. अशा दिवशी तिथल्या डॉक्टरला तुमचा-आमचा ताप बघायला वेळ कुठला? पण तापवाला तर रांगेत असतोच.

तिथे रांग आल्या क्रमाने चालत नाही, हे आधी समजून घ्या. जो मरणाच्या जवळ, त्याचा नंबर पहिला. छातीत दुखणारा, श्वास कोंडलेला, रक्त वाहणारा पुढे जातो. हात मोडलेला थांबतो. हात मोडला म्हणजे दुखतं, ओरडायला येतं. पण ज्याच्या मेंदूत रक्त साचतंय तो कधी कधी गप्पच असतो. आपण ओरडणाऱ्याला बघतो, डॉक्टरला गप्प असलेल्याला बघावं लागतं. मग आपल्या माणसाला वाटतं, आपण झोपडपट्टीतले म्हणून मागे ठेवलं. तसंही कुठे कुठे होतं, मी नाही म्हणत नाही. पण दर वेळी तेच कारण नसतं.

काही वर्षांमागची आपल्या परिसरातली गोष्ट सांगतो. नावं घेत नाही. एका मावशींना रात्री साडेदहाला छातीत कळ आली, घाम सुटला. मुलांनी रिक्षात घालून जवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे आधी डिपॉझिट विचारलं. पैशांची जमवाजमव करण्यात अर्धा तास गेला, शेवटी 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी शटरच वर केलं नाही. महापालिकेच्या इस्पितळात पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. कॅज्युअल्टीत एक मुलगी डॉक्टर होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची. तिने नाडी बघितली, ताबडतोब छाती दाबायला घेतली. वीस मिनिटं ती घामाघूम होऊन दाबत होती, मी तिथे उभा होतो. मावशी गेल्या. आणि मग आमच्याबरोबर आलेल्या तीस-चाळीस जणांतून एकाने टेबलावरची काच फोडली, दुसऱ्याने त्या मुलीच्या अंगावर हात टाकला. दोघा-तिघांनी मध्ये पडून तिला आतल्या खोलीत ढकललं म्हणून पुढचं टळलं.

मी तुम्हाला विचारतो, मावशींचा वेळ कुठे गेला? ज्याने डिपॉझिट मागितलं त्याच्या दाराला कोणी हात लावला नाही. ज्याने शटर उघडलं नाही त्याला कोणी जाब विचारला नाही. ज्या दारात काही न विचारता माणसाला आत घेतलं, तिथेच आपण काच फोडली. जो दार उघडतो त्यालाच लाथ, हा कुठला न्याय?

खरं म्हणजे त्या पहिल्या दोन दारांशी भांडायला कायदा आपल्या बाजूने आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमी माणूस समोर आला की डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. सरकारी असो की खाजगी. १९९६ साली बंगालमधल्या एका शेतमजुराच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. तो माणूस १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खाजगीत पैसे भरून उपचार झाले. त्याच्या मागे शेतमजुरांची संघटना उभी राहिली. न्यायालयाने २५ हजार रुपये भरपाई दिली आणि सांगितलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणं होय, सरकारने पैसा नाही ही सबब सांगू नये. घटना कोणी लिहिली हे या सभेत सांगायला नको. याशिवाय आपल्या राज्यातल्या धर्मादाय इस्पितळांना २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावं लागतं. हे पाठ करा. काच फोडण्यापेक्षा हे कामाला येतं.

आता त्या मुलीकडे वळतो. ती आदल्या दिवशी सकाळपासून ड्युटीवर होती, हे नंतर तिथल्या वॉर्डबॉयने सांगितलं. मी साचेखात्यात काम केलेला माणूस आहे, मला ते लगेच समजलं. गिरणीत एका कामगाराकडे दोन साचे असायचे. मग मालकाने चार केले. माणूस तोच, हात दोनच. धागा तुटला, कापडात खोट आली की जॉबर कोणाला धरायचा? कामगाराला. चार साचे कोणी दिले हे कोणी विचारायचं नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरची गत हीच आहे. औषध संपलं, त्याने नाही संपवलं. व्हेंटिलेटर रिकामा नाही, तो त्याच्या खिशात नाही. जागा भरल्या जात नाहीत त्या वर बसलेल्यांमुळे. पण शिव्या समोरच्याला.

१९४६ साली कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक आणणारे मजूरमंत्री आपले बाबासाहेब. आणि बघा, १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी जी योजना केली तिच्यातही आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त ड्युटी नको असंच लिहिलं आहे. लिहिलेलं कागदावर राहिलं. सलग चोवीस, छत्तीस तास ड्युटी केलेला निवासी डॉक्टर कोणत्याही मोठ्या इस्पितळात भेटेल. आठ तासांसाठी लढलेल्या कामगारांची पोरं आपण. छत्तीस तास जागलेल्या माणसाकडून आईचा जीव वाचवून घ्यायचा, आणि तो चिडून बोलला की त्याच्या अंगावर जायचं? त्याच्या तासांसाठी आपण आवाज उठवला पाहिजे. त्यात आपला स्वार्थच आहे.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी इस्पितळात काय झालं आठवा. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. डॉक्टर हाडांचा होता. तो म्हणाला, इथे मेंदूचा सर्जन नाही, दुसरीकडे न्या. खरं तेच बोलला. त्याला इतका मारला की डोळ्याला गंभीर इजा झाली. मग राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, इस्पितळांत सुरक्षारक्षक आले. त्या दिवसांत हाल कोणाचे झाले? ज्यांना खाजगीत जाता येत नाही त्यांचे. म्हणजे मारणारा आपल्यातलाच आणि मार बसलाही आपल्यालाच. २०१० च्या राज्याच्या कायद्याने डॉक्टर-नर्सवर हात टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई वेगळी. एका रात्रीच्या रागापायी पोराची नोकरी गेली, पासपोर्ट अडकला, अशी घरं होतात. आणि मार्च २०२० मध्ये याच लोकांसाठी आपण थाळ्या वाजवल्या होत्या, तेही विसरायला नको.

आणखी एक बोलतो, कोणाला बोचलं तर बोचू दे. आता त्या पांढऱ्या कोटात आपलीही मुलं आहेत. वाड्या-वस्त्यांतून, आदिवासी पाड्यांतून शिकून आली आहेत. त्यांच्यावर बाहेरून गर्दीचा दाब आणि आतून जातीचा दाब. डॉ. पायल तडवी जळगावकडची आदिवासी मुलगी, नायर इस्पितळात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने जीवन संपवलं. तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचा आरोप ठेवला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात रात्रपाळीतल्या डॉक्टर मुलीचं काय झालं हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा कॅज्युअल्टीत समोर बसलेली पोरगी 'त्यांची' आहे असं धरून चालू नका. उद्या ती आपल्याच गल्लीतली असेल.

आता कामाचं. रुग्णाबरोबर दोन माणसं पुरेत, त्यातलं एक घरचं आणि एक शांत डोक्याचं. चाळीस माणसांनी रुग्ण बरा होत नाही, स्ट्रेचरला वाट मात्र मिळत नाही. खरं सांगा. सुनेने फिनेल किंवा उंदराचं औषध घेतलं असेल तर 'चक्कर आली' म्हणू नका. बाटली बरोबर न्या. पोलीस केसच्या भीतीने लपवता आणि डॉक्टर भलतंच शोधत बसतो. जुन्या ३०९ कलमासारखा सरसकट गुन्हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेला नाही. नोंद होईल, होऊ द्या. छळ झाला असेल तर तीच नोंद उद्या मुलीच्या कामी येईल. रस्त्यावर अपघात झालेला अनोळखी माणूस उचलायला घाबरू नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, त्याला जबरदस्तीने साक्षीदार करता येत नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून राज्यात फुकट आहे, तिच्यात डॉक्टर असतो. अंधेरी-कुर्ला रोडच्या तुंबलेल्या गर्दीत ती अडकते हे खरं आहे, म्हणून ती आत येताना नाक्यावर उभं राहून वाट मोकळी करणं हेही काम आहे. साधा ताप-खोकला असेल तर जवळचा महापालिकेचा दवाखाना गाठा. २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' सुरू झाला तो रात्री दहापर्यंत असावा म्हणूनच. तो आपल्या भागात बंद दिसला, डॉक्टर नसला, तर तिथे मोर्चा न्या. वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तिथे राग दाखवा, तिथे तो शोभतो.

मंडळाशी बोलून एक ठरवलं आहे. विहाराच्या फळ्यावर जवळच्या इस्पितळांचे आणि रुग्णवाहिकेचे नंबर कायमचे रंगवले जातील. छाती दाबून श्वास कसा सुरू करायचा, रक्त कसं थांबवायचं, याचं शिक्षण रविवारी वंदनेनंतर इथेच द्यायचं आहे, त्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांनी होकार दिला आहे. रात्री कोणाच्या घरी प्रसंग आला तर बरोबर जायला प्रत्येक गल्लीतून दोघं हवेत, एक भाऊ आणि एक ताई. दारू पिणारा नको. नावं आज सेक्रेटरींकडे द्या. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे, पेन बांधलेलं आहे, ते नेऊ नका.

जयभीम! नमो बुद्धाय!