विज्ञानाची नोंद, आपल्या शब्दांत
(व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद ही दोन जुनी महाविद्यालये आहेत. दरवर्षी कितीतरी मुले-मुली येथून विज्ञान शिकून बाहेर पडतात. त्यातले मराठीत किती उतरते, हा आपला आजचा प्रश्न आहे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड १९७६ साली निघाला. ते विद्वानांचे काम होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही लिहू शकतो. तेथे पदवी विचारत नाहीत, आडनावही विचारत नाहीत. विचारतात ते एवढेच, की या विधानाला आधार कोणता?

आधार देणे वेगळे आणि उतरवून काढणे वेगळे. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी विद्यार्थ्यांकडून लेख लिहून घेण्याचा उपक्रम झाला. अनेकांनी दुसऱ्यांचे परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले. ते निवडून काढताना स्वयंसेवकांची पुरेवाट झाली आणि त्याच वर्षी उपक्रम आवरता घ्यावा लागला. मुले लबाड होती असे आम्ही म्हणणार नाही. पाठ करा आणि उतरवा, हेच आपण त्यांना पहिलीपासून शिकवतो. आता तर यंत्राकडून आयता लेख मिळतो. तीही उतरवण्याचीच नवी तऱ्हा.

हळदीचेच घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. हळदीतले कुर्क्युमिन आम्लारीत रंग बदलते, म्हणून हळद ही दर्शक आहे. 'आम्लारी' हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी बोलत नाही. तेव्हा शेजारी 'साबण, धुण्याचा सोडा यांसारखे पदार्थ' असे लिहावे. त्या डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो, हेही लिहावे. मात्र घरी करून पाहिले एवढ्याने भागत नाही. प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा आधार लागतो, आणि वाक्य आपले लागते.

आमची सूचना साधी आहे. सुट्टीत चार-पाच जणांनी मिळून एकच लेख घ्यावा. कोणी ग्रंथालयात आधार शोधावा, कोणी लिहावे. मग तो मजकूर घरातल्या, विज्ञान न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवावा. तो जिथे अडेल तिथले वाक्य बदलावे आणि मगच लेख चढवावा.