वनस्पतींचे अर्क आणि हृदयाचे आकुंचन



मिनिटाला सत्तर ठोके धरले तर आपले हृदय एका दिवसात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या आकुंचनाचा जोर वाढविणारी द्रव्ये काही वनस्पतींत असतात. ती कोणती, आणि त्यांच्याशी कसे वागावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम हृदयाचा स्नायू आकुंचन कसा पावतो ते पाहू. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय क्षारमिश्रित पाण्यात ठेवून प्रयोग करीत होते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय चांगले धडधडे. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ते मंदावून थांबे. नळाच्या पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, अंश होता. तोच आकुंचनाची किल्ली ठरला. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम खेळते, स्नायू आवळतो. ते बाजूला काढले की स्नायू सैल पडतो.

आता वनस्पतीकडे वळू. १७८५ साली इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या वैद्यांनी डिजिटॅलिस या झाडाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती काढ्याने अंगावरची सूज उतरते, हे त्यांच्या कानी आले होते. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण डिजिटॅलिसचा, हे त्यांनी ओळखले. मग सुमारे दहा वर्षे रुग्णांवर मात्रा ठरवून नोंदी ठेवल्या, अपयशाच्याही. १९३० साली याच जातीच्या दुसऱ्या झाडापासून डिगॉक्सिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे झाले.

ते कार्य कसे करते? पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा व पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हा पंप येन्स स्कू यांनी १९५७ साली दाखविला व त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डिगॉक्सिन हा पंप अडविते. आत सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाण्यास अडथळा होतो, आणि पुढचा ठोका अधिक जोरदार पडतो. परंतु कॅल्शियम प्रमाणाबाहेर साचले की तेच हृदय वेडेवाकडे धडधडू लागते. औषध आणि विष यांत येथे फरक आहे तो केवळ मात्रेचा. डिगॉक्सिनची नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची. म्हणजे एका ग्रॅममध्ये चार हजार गोळ्या!

ही जातकुळी आपल्या अंगणातही आहे. तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, या दोन्हींत अशीच द्रव्ये आहेत. बिट्टीच्या बियांनी श्रीलंकेत अनेकांचे प्राण गेले आहेत. पानात किंवा बीत द्रव्य किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ऋतू, जमीन, झाडाचे वय यांप्रमाणे ते बदलते. म्हणून या झाडांचा काढा घरी कदापि करू नये, आणि मुलांना बिट्टीच्या बियांशी खेळू देऊ नये.

अर्जुनाच्या सालीचा मान आयुर्वेदात मोठा आहे. १९९५ साली हृदय दुर्बल झालेल्या बारा रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तिचा चांगला गुण दिसला. मात्र पुढे अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत आकुंचनशक्ती वाढल्याचे आढळले नाही. डिगॉक्सिनलाही हाच न्याय लावला गेला. १९९७ साली सुमारे ६,८०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग कमी झाले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. शास्त्राच्या तराजूत देशी-विदेशी असा भेद नसतो.

सर्पगंधेचे उदाहरण तर आपल्या देशाचे भूषण आहे. हकीम अजमल खान यांनी डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांना दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी आणले. सिद्दिकींनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळातून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि दिवंगत हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' नाव दिले. हे द्रव्य आकुंचनाचा जोर वाढवीत नाही. ते विजेच्या लहरींवर परिणाम करते, आणि हृदयाच्या लयीचा एक छुपा दोष उघड करण्यासाठी आजही रुग्णालयात वापरले जाते. तिब्बी परंपरेचा अभिमान असलेल्या त्या थोर हकिमाने प्रयोगशाळेचे भय बाळगले नाही, हे ध्यानात घ्यावे.

वाचकहो, आपल्या घरी कुणाला हृदयविकार असेल, तर चालू औषध बंद करून कुणी सांगितलेला अर्क सुरू करू नका. गोळ्यांसोबत काही काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्हींचे परिणाम एकत्र होऊ शकतात. आणि विद्यार्थी मित्रहो, आजीच्या बटव्याला हसू नका, त्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. त्यातली एखादी मुळी तराजूत तोला, तपासा, नोंद ठेवा. विदरिंग आणि सिद्दिकी यांनी याहून वेगळे काय केले?