मनी वसे ते...
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी गंभीर विषय सोडून मी स्वप्नांवर बोलणार, हे ऐकून काहीजणी हसल्या. पण स्वप्न पडत नाही अशी बाई आपल्यात कोण आहे? सकाळी चूल पेटवता पेटवता आपण शेजारणीला हटकून विचारतो, "अहो, आज असे असे स्वप्न पडले, चांगले की वाईट?" मग उत्तरही ठरलेले असते. स्वप्नात लग्न दिसले की अशुभ, कोणी मेलेले दिसले की त्याचे आयुष्य वाढले! उद्या काय घडणार, एवढेच आपण स्वप्नाला विचारतो. माझे म्हणणे असे की, स्वप्नाला उद्याचे विचारूच नये, आजचे विचारावे.

आपल्या जुन्या माणसांनी 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' असे म्हणून ठेवले आहे. शास्त्रज्ञांनी या विषयात बरेच कष्ट घेतले आहेत. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठराविक अंतराने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी माणसाला जागे केले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दीड-दीड तासाने हा फेरा येतो. म्हणजे रात्रीतून अनेकदा स्वप्ने पडतात. आपण ती विसरतो इतकेच. पुढे त्याच शहरात रोझालिंड कार्टराइट या विदुषींनी घटस्फोटानंतर खिन्न झालेल्या स्त्री-पुरुषांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. ज्यांच्या स्वप्नांत तो दुरावलेला जोडीदार भावनेसह येत होता, त्यांच्यातील पुष्कळजण पुढे सावरलेले दिसले. स्वप्नामुळेच ते सावरले असे यावरून म्हणता येणार नाही. पण जागेपणीचे दुःख झोपेतही आपले काम करीत असते, एवढे तरी दिसते.

आपल्या मराठीत याचे फार मोठे उदाहरण आहे. संत बहिणाबाई, आपल्या शेजारच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, तर वेरूळजवळच्या देवगावच्या, १६२८ साली जन्मलेल्या. लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. फिरत फिरत कुटुंब कोल्हापूरला आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले, आणि त्यांना तुकोबांचा ध्यास लागला. तुकोबांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. ब्राह्मणाच्या घरची बायको आणि गुरू शूद्र मानलेल्या जातीचा, हे त्या काळी कोणाला चालणार? पतीने मारहाण केली, बांधूनही ठेवले. अशा दिवसांत त्यांना स्वप्न पडले. तुकोबा आले, मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवली आहे.

कोणी याला साक्षात्कार म्हणेल, कोणी मनाचा खेळ म्हणेल. मी त्या वादात शिरत नाही. मला एवढेच दिसते की, जागेपणी जे मागायचीही बंदी होती, ते त्या मुलीला झोपेत स्पष्ट दिसले. आणि ती तेथेच थांबली नाही. स्वप्नानंतर पतीचा राग वाढला, तोही तिने सोसला. पुढे त्याच पतीचे मन पालटले आणि दोघे देहूला गेली. स्वप्नाने वाट दाखविली, चालावे लागले ते जागेपणीच.

एवढी थोर स्वप्ने आपल्याला पडत नाहीत. आपली स्वप्ने आपल्यासारखीच, घरगुती. माझेच एक सांगते. सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात एकदा स्वप्न पडले. मी जलंबच्या फलाटावर पाण्याचा तांब्या भरून घेते आहे. घरची सगळी माणसे गाडीत बसलेली, खिडकीशी सासूबाई. गाडी सुटली, मी मागे राहिले. आणि मी धावले नाही! बाकावर बसले, तांब्यातले पाणी प्याले, आणि मला फार बरे वाटले.

जाग आली तशी छातीत धस्स झाले. आपली माणसे जावीत असे का मला वाटते? दोन दिवस हा विचार सुटेना. मग लक्षात आले की, त्या स्वप्नात कोणाचेही वाईट झाले नव्हते. सगळी सुखरूप बसली होती. मला हवा होता तो फक्त बाक. दमले आहे, हे मी दिवसा एकदाही म्हटले नव्हते, ते रात्रीने म्हटले. नणंदेला पत्र लिहून सरळ कळविले. ती आली, म्हणाली, "वहिनी, आई माझीही आहे." त्यानंतर दर महिन्याला आठ दिवस ती येऊन राहू लागली. सासूबाईंची सेवा शेवटपर्यंत झाली, आणि ती आनंदाने झाली.

भगिनींनो, आपले खामगाव कापसाचे गाव. जिनात कापूस गेला की सरकी वेगळी, रुई वेगळी होते. स्वप्नाचेही तसेच करावे. त्यात दिवसभराचा पुष्कळ कचरा असतो. बाजारात पाहिलेला चेहरा, उतू गेलेले दूध, कुठली तरी जुनी शाळा. तो बाजूला काढावा. उरते ती भावना. स्वप्नात मला काय वाटले? भीती, लाज, की सुटका? आणि तसे दिवसा मला कुठे वाटते? एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारावेत.

प्रत्येक स्वप्नाला अर्थ असतोच असे नाही. अपचनाने, तापानेही वाटेल ते दिसते. पण एकच भयंकर स्वप्न रात्री-बेरात्री छळू लागले, झोप उडाली, तर शकुन विचारीत बसू नये, डॉक्टरांना सांगावे. त्यात कमीपणा नाही.

आणि एक विनंती. आपल्या मंडळात पापड-लोणची होतात, भजने होतात, हिशेबही चोख असतात. त्यात कधी एखादी म्हणाली, "बाई, असे स्वप्न पडले," तर शुभ-अशुभ सांगण्याची घाई करू नका. तिला जवळ बसवून घ्या आणि विचारा, "हल्ली घरी कसे चालले आहे?" कदाचित तिला तेच सांगायचे असेल.