होम्सचे शेंडेनक्षत्र



शेंडेनक्षत्र म्हणजे अरिष्ट, ही समजूत आपल्या माजघरांतून अजून गेलेली नाही. होम्सच्या धूमकेतूला तर धड शेंडीही नव्हती! 1892 साली तो सापडला तोही असाच एकाएकी उजळल्यामुळे. 2007 च्या मे महिन्यात सूर्याला वळसा घालून तो परत निघाला होता. ऑक्टोबरात दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पट उजळला, आणि ययाति तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. दुर्बिणीतून त्याचा धुळीचा गोळा रोज फुगताना दिसे; नोव्हेंबरात तो सूर्याहूनही मोठा झाला. आत वायू कोंडून कवच फुटले, असा तर्क आहे. कोंडलेली वाफ काय करते, हे आपल्याला का सांगायला हवे? 2028 च्या सुमारास तो पुन्हा सूर्याजवळ येईल. उजळलाच, तर मंडळाने मुलींना गच्चीवर न्यावे, अशी माझी सूचना आहे.