परदेशातील पेढीवर माणूस नेमताना
(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्यापारी मेळाव्यातील भाषण)



कापडाच्या व्यापाराला दुबई नवी नाही. खाडीच्या काठी, बर दुबईच्या कापडबाजारात भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. १९६६ पर्यंत तेथील व्यवहारही रुपयातच होत असत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी निराळ्या नोटाच काढल्या होत्या. या जुन्या घरोब्यामुळे एक गैरसमज मात्र रुजला आहे. दुबई म्हणजे मुंबईचेच एक दूरचे उपनगर, तेव्हा माणूस ठेवण्याची रीतही इथलीच चालेल, असे पुष्कळांना वाटते.

इथली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ओळखीच्या घरातील मुलगा येतो, शेटजी त्याला ‘उद्यापासून ये’ म्हणतात, दोन महिने काम पाहून पगार ठरतो. कागद होतच नाही आणि बहुधा कोणाचे अडतही नाही, कारण न जमल्यास मुलगा संध्याकाळच्या एस.टी.ने घरी परततो. अमिरातीत ही शेवटची सोय नाही. तेथे परदेशी नोकराचा त्या भूमीवर राहण्याचा हक्कच मालकाने काढलेल्या परवान्याला बांधलेला असतो. तोंडी बोलीचा भार त्यामुळे मालकापेक्षा नोकरावर अधिक पडतो, आणि तो नात्यातला असला म्हणजे त्याला बोलताही येत नाही.

सर्वांत घातक प्रकार भेटीच्या व्हिसाचा. ‘आधी फिरायला म्हणून ये, गादीवर बस, जमले तर पुढचे पाहू,’ असे सांगून मुलाला नेले जाते. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे. ऑगस्ट २०२४ मधील दुरुस्तीनंतर परवान्याविना काम देणाऱ्या मालकास किमान १ लाख आणि कमाल १० लाख दिरहम दंड सांगितला आहे. इतका दंड एखादी लहान पेढी बुडवू शकतो. मुलाचे हाल त्याहून निराळे. मुदत उलटली की त्याला घराबाहेर पडण्याचीच धास्ती वाटू लागते.

कायद्याची रीत अशी आहे. प्रथम मंत्रालयाच्या ठरीव नमुन्यातील नेमणुकीचा प्रस्ताव तयार होतो. त्यावर मूळ वेतन, भत्ते, कामाचे स्वरूप सारे लिहिलेले असते, आणि उमेदवाराची सही झाल्यावरच परवाना पुढे सरकतो. २०१६ पासून हा प्रस्ताव अरबी व इंग्रजीबरोबर उमेदवाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याची सोय झाली. त्या भाषांत हिंदी, उर्दू, तमिळ, मल्याळम, बंगाली आहेत. मराठी नाही, गुजरातीही नाही. म्हणून सही घेण्यापूर्वी तो कागद मुलाला, आणि शक्यतो त्याच्या वडीलधाऱ्यांनाही, मराठीत सावकाश वाचून दाखवावा. अर्धा तास लागतो. पुढे तीन वर्षांनी ‘तुम्ही तर खोलीचे भाडे देणार होता’ असा वाद उभा राहत नाही.

व्हिसाचा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या नव्या श्रमकायद्यात स्पष्ट आहे. भरतीचा खर्च नोकराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणत्याही मार्गाने वसूल करता येत नाही. ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून गावाकडे वडिलांकडून घेतलेली रक्कमही त्यातच मोडते. शेत गहाण ठेवून आलेल्या माणसाचे लक्ष गिऱ्हाइकाकडे कसे राहावे? मुलगा दहावी उत्तीर्ण नसल्यास त्याच्या पारपत्रावर तसा शिक्का असतो आणि अमिरातीत नोकरीस जाण्यापूर्वी भारत सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते. ही पायरी टाळण्यासाठीच भेटीच्या व्हिसाची पळवाट शोधली जाते, हे वेगळे सांगावयास नको.

हिशेबाची एक गोष्ट येथे बारकाईने पाहिली पाहिजे. वेतन २,५०० दिरहम ठरले, त्यांपैकी मूळ वेतन १,५०० आणि बाकीचे भत्ते. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ अखेरच्या मूळ वेतनावर मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे, त्यापुढे ३० दिवसांचे. १,५०० ला दिवसाचे ५० धरले तर वर्षाचे १,०५० आणि पाच वर्षांचे ५,२५० दिरहम होतात. मूळ वेतन जितके कमी लिहावे तितकी ही रक्कम आटते. हे बेकायदा नाही, पण पेढीच्या अब्रूला शोभतही नाही. दरमहा साडेसत्त्याऐंशी दिरहमची तरतूद वहीत करीत गेल्यास शेवटी ओझे वाटत नाही.

माणूस तेथे उतरल्यावर ६० दिवसांच्या आत वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि निवासाची नोंद उरकावी लागते. आरोग्य विम्याचा खर्च मालकाचा. पगार बँकेतून अथवा मान्यताप्राप्त विनिमयगृहातून नोंदणी होऊनच द्यावा लागतो. २००९ पासून चालत आलेल्या या पद्धतीत रोख देऊन वहीत सही घेणे बसत नाही. नोकराचे पारपत्र ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून तिजोरीत घालण्याची जुनी सवय मात्र अजून काही पेढ्यांतून गेलेली नाही. कायद्याने ते निषिद्ध आहे. पारपत्र त्याच्याच पेटीत राहिले पाहिजे.

या दोन महिन्यांत त्याला दुकान शिकवावयाचे असते. बिलावर २०१८ पासून आलेला ५ टक्के कर कसा दाखवावा, हे पहिल्याच आठवड्यात समजले पाहिजे. कामाचे तास दिवसाला ८, आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर किमान एक तास विश्रांती. रमजानमध्ये रोज दोन तास कमी, आणि ही सवलत रोजा न धरणाऱ्यासही आहे, हे अनेक मालकांना ठाऊक नसते. जेवणाचा प्रश्न किरकोळ समजू नये. शाकाहारी मुलाला सामायिक खोलीत स्वयंपाकाची वेगळी सोय आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

उमेदवारीचा काळ जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळातही माणूस नको झाल्यास १४ दिवस आधी लेखी सांगावे लागते. ‘उद्यापासून येऊ नकोस’ चालत नाही. करार संपल्यावर सर्व येणे १४ दिवसांत चुकते करावयाचे असते.

आणखी एक बाब नेमणुकीच्या वेळी क्वचितच निघते. पत्नीला तेथे नेण्यासाठी दरमहा ४,००० दिरहम, अथवा ३,००० आणि राहण्याची सोय, इतके वेतन लागते. २,५०० वर गेलेला मुलगा सुट्टीत गावी येतो, त्याचे लग्न ठरते, आणि मुलीकडच्यांना वाटते की मुलगी दुबईला नांदणार. ही अट शेटजींनी त्याला प्रस्तावावर सही घेण्याच्या दिवशीच सांगावयास हवी.