संदेश आणि जाब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



19 नोव्हेंबर 2024 रोजी, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या एका हॉटेलात बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी भाजपचे सरचिटणीस विनोद तावडे यांना घेरले. पैसेवाटपाचा आरोप झाला; तावडे यांनी तो साफ नाकारला. जाहीर प्रचाराची मुदत संपली होती, तरी ती दृश्ये मोबाइलवरून राज्यभर पोहोचली. निकालात मात्र आघाडीने वसई, नालासोपारा व बोईसर या तिन्ही जागा गमावल्या. पाहणे आणि मत देणे या भिन्न क्रिया आहेत, हे विसरता कामा नये.

प्रचार स्वस्त झाला की तो वाढतो. मतदाराचे लक्ष वाढत नाही. दुर्मिळ झालेले हे लक्ष अखेर पैसेवालाच विकत घेतो. समाजमाध्यमांवरील जाहिरातींचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरण्याचा आदेश निवडणूक आयोगाने 2013 मध्येच दिला. परंतु समर्थकांच्या नावावर परस्पर होणाऱ्या खर्चाचा माग लागणे कठीण.

त्याहून गंभीर प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. वसई-विरार महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली. पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. या काळात पुढाऱ्यांचे शुभेच्छासंदेश घरोघरी येत राहिले. पाण्याबद्दल जाब विचारायला मात्र सभागृहात नगरसेवक नव्हता. संदेश वरून खाली येतो. लोकशाहीत जाब खालून वर गेला पाहिजे.

कार्यकर्त्याने मोबाइल अवश्य वापरावा. मात्र चाळीचे जिने चढून गाऱ्हाणे ऐकण्याचे काम त्या यंत्रावर सोपवू नये.